चाइल्ड प्रोसेसचा वेळ प्रोफायलरमध्ये कसा बघायचा?

तुमचं पायथन टूल चाइल्ड प्रोसेस (कामासाठी सुरू केलेल्या वेगळ्या प्रोसेस) उभ्या करतं, सीप्रोफाइलमध्ये, म्हणजे पायथनच्या वेळ मोजणाऱ्या प्रोफायलरमध्ये, सगळा वेळ ‘वेट’वर, चाइल्ड संपायची वाट बघण्यात दिसतो, आणि तुम्ही विचारताय की मशीन बदलावं का. अजिबात बदलू नका. सीप्रोफाइल फक्त ज्या प्रोसेसमध्ये चालतो तिचंच बघतो.

या ‘वेट’वरून आमचं चांगलंच वाजलंय, म्हणून लिहितोय. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आमचं टूल आहे: कास्टिंगचं ड्रॉइंग दिलं की वजन आणि रायझरचं (थंड होताना जादा धातू पुरवणाऱ्या भागाचं) माप काढून देतं. दर ड्रॉइंगला नवी पायथन प्रोसेस. पुण्याच्या वरिष्ठांनी पॅरेंटचा, म्हणजे चाइल्ड उभी करणाऱ्या मूळ प्रोसेसचा, रिपोर्ट बघून निकाल दिला, “तुमच्याकडची मशीनं जुनी आहेत.” फाउंड्रीचे मालक भले माणूस, लगेच म्हणाले, “मग नवं घेऊया की ओ, रेट सांगा.” त्यांचे पैसे असे जाऊ देणं मला पटेना.

चाइल्डच्या मेन फंक्शनला सीप्रोफाइल लावला. रिपोर्टच्या फाइलच्या नावात पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घातला, नाहीतर सगळ्या एकाच फाइलवर लिहितात आणि शेवटची तेवढी उरते. मग पीस्टॅट्सने, म्हणजे हे रिपोर्ट वाचणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलने, सगळ्या एकत्र केल्या. तरी हिशोब जुळेना. रायझरचं गणित झटक्यात संपत होतं. वेळ जात होता तो मेन सुरू व्हायच्या आधी. पायथन 3.7 पासून ‘-एक्स इंपोर्टटाइम’ हा पर्याय आहे, कुठली लायब्ररी लोड व्हायला किती वेळ लागला ते दाखवणारा, तो चाइल्डच्या कमांडमध्ये टाकला आणि सगळं समोर आलं. नमपाय, सायपाय या गणिताच्या लायब्ररी आणि त्यांच्या मागची सगळी रांग दर ड्रॉइंगला नव्याने लोड होत होती. मग दर ड्रॉइंगला नवी प्रोसेस न काढता वर्कर (काम करणाऱ्या चाइल्ड) कायम चालू ठेवले, लायब्ररी एकदाच लोड केली. मशीन तेच, आजही तेच आहे.

पॅरेंटचा रिपोर्ट दाखवून कुणी हार्डवेअर घ्यायला सांगत असेल, तर आधी चाइल्डचा रिपोर्ट मागा. बेळगाव असो, निपाणी असो, मशीन गावाकडचं आहे म्हणून हळू चालत नाही.

कोडला हात लावायचा नसेल तर पाय-स्पाय, म्हणजे चालू प्रोसेस बाहेरून बघणारा प्रोफायलर, ‘--सबप्रोसेसेस’ देऊन चालवा, म्हणजे चाइल्डही दिसतात. काही ठिकाणी त्याला रूटची (अ‍ॅडमिनची) परवानगी लागते. आणि लिनक्सवर पायथनचं मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूल फोर्कने (चालू प्रोसेसची नक्कल काढून) वापरत असाल तर रिपोर्ट लिहायचं काम अ‍ॅटएक्झिटवर (प्रोग्रॅम संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनवर) सोडू नका, चाइल्ड थेट बाहेर पडते आणि ते चालतच नाही. टार्गेट फंक्शनमध्येच (चाइल्ड जे फंक्शन चालवते त्यात) ‘फायनली’त, म्हणजे शेवटी चालणाऱ्या भागात, लिहा. चाइल्ड मध्येच टर्मिनेट (बंद) करत असाल तर तेही चालणार नाही, मग पाय-स्पायच बरा.