कमी बजेटमध्ये रात्रीचा घरातला सीन सिनेमॅटिक दिसायला कोणता लाइट घेऊ?

लाइट घेऊच नका, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलंय की दोन छोटे एलईडी पॅनल आहेत, घरातले दिवे आहेत, शॉर्टफिल्ममधला बेडरूमचा रात्रीचा सीन आहे, शूट केलं की सगळं सपाट आणि मळकट दिसतं, आणि आता उरलेल्या पैशात अजून एक मोठा पॅनल घ्यावा की जास्त आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) झेपणारा कॅमेरा भाड्याने आणावा. दोन्ही नको. आधी काळा कपडा घ्या. जाड, अजिबात न चमकणारा, दोन-तीन मोठे तुकडे, तो लावायला क्लॅम्प आणि दोन स्टँड. रात्रीचा सीन बिघडतो तो लाइट कमी पडला म्हणून नाही, नको तिथे गेला म्हणून.

तुमचं काय होतंय ते न बघताही सांगता येईल. खोली लहान, भिंती पांढऱ्या, पॅनल कॅमेऱ्याच्या बाजूने लावलेला. त्याचा उजेड चेहऱ्यावर पडतो तसाच मागच्या भिंतीवरही पडतो, तिथून उलटून चेहऱ्याच्या ज्या बाजूला सावली हवी होती नेमका तिथे येतो, आणि मग अंधार वाटावा म्हणून तुम्ही एक्स्पोजर खाली ओढता. म्हणजे सगळंच सारखं काळपट. ती रात्र नाही, कमी एक्स्पोज झालेली दुपार आहे. कलाकाराला भिंतीपासून जमेल तेवढं पुढे आणा, सहा-सात फूट मिळाले तर उत्तम. लाइट त्याच्या पलीकडच्या बाजूने मारा म्हणजे चेहऱ्याची सावलीतली बाजू कॅमेऱ्याकडे येईल, आणि त्या सावलीच्या बाजूला फ्रेमच्या अगदी काठाशी काळा कपडा उभा करा. तुमच्या त्याच दोन पॅनलमध्ये एवढं करून बघा, फरक लगेच दिसेल.

तुमचा कॅमेऱ्याचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून एवढं लिहितोय, कारण हाच वाद मी एकदा पूर्ण घातलेला आहे.

एका शॉर्टफिल्मवर मी कॅमेरा करत होतो. सीन असा की एक म्हातारे गृहस्थ मध्यरात्री उठतात, पलंगाच्या काठावर बसतात, बाजूच्या टेबलावर औषधाची बाटली चाचपतात, ती सापडत नाही आणि ते तसेच बसून राहतात. संवाद एकही नाही, जे आहे ते चेहऱ्यावर. दिग्दर्शक माझ्यापेक्षा मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. दादाचं म्हणणं ठरलेलं होतं, "रात्र आहे ना, मग लाइट कशाला? कॅमेरा आणलाय तो अंधारात बघणारा. आयएसओ वाढव, वरचा एक बल्ब चालू ठेव, बाकी ग्रेडिंगमध्ये करू." ग्रेडिंग म्हणजे शूटनंतर कॉम्प्युटरवर रंग आणि उजेड जुळवणं.

मी म्हटलं, दादा, कॅमेऱ्याला अंधारात दिसतं ते रेकॉर्ड होण्यापुरतं. बघणाऱ्याला अंधार जाणवायला फ्रेममध्ये एक तरी उजळ गोष्ट लागते, त्याशिवाय बाकीचं काळं आहे हे डोळ्याला कळत नाही, नुसतं मंद दिसतं. शिवाय वरचा बल्ब म्हणजे दोन्ही डोळ्यांखाली खड्डे आणि चारही भिंती पेटलेल्या. तो ऐकेना. शेवटी ठरलं की आधी त्याच्या पद्धतीने एक टेक घ्यायचा, मग माझ्या पद्धतीने.

माझ्या पद्धतीत महाग असं काहीही नव्हतं. टेबलावर एक साधा टेबललॅम्प, आत 2700 केल्विनचा वॉर्म बल्ब. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळसर. शेडच्या आत कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या भागाला कागदाचे दोन थर चिकटवले म्हणजे शेड पांढरीफटक जळणार नाही पण भिंतीकडचा उजेड तसाच राहील. आता हे नीट लक्षात घ्या, फ्रेममध्ये दिसणारा लॅम्प चेहरा उजळत नाही, तो फक्त कारण देतो. चेहऱ्यावरचं काम करत होता फ्रेमच्या बाहेर, लॅम्पच्याच दिशेने लपवलेला दुसरा, जास्त वॉटचा तसाच वॉर्म बल्ब, पुढे बटर पेपर आणि खाली-वर काळा कपडा म्हणजे तो छताकडे आणि चादरीवर सांडणार नाही. खिडकीबाहेर एक डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा 5600 केल्विनच्या आसपासचा एलईडी, उघडा, समोर काहीही न लावता, जितका लांब नेता येईल तितका लांब, आणि त्याच्या पुढे स्टँडला बांधलेली पानांची फांदी. तो चेहऱ्यावर अजिबात नको, फक्त मागच्या भिंतीवर आणि उशीच्या कडेवर.

इथे लोक दोन गोष्टी चुकवतात. पहिली, चांदण्यासाठी सॉफ्ट लाइट लावतात. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश एवढा दिसतो, सूर्याएवढाच, त्यामुळे त्याची सावली कडक असते. सॉफ्टबॉक्समधून चांदणं येत नाही. आणि लाइट लांब हवा कारण अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. लाइट खिडकीला चिकटवला तर चौकट भगभगते आणि पलंगापर्यंत काही पोचत नाही. दुसरी गोष्ट निळा रंग. चंद्राचा उजेड म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, खरं तर सूर्यापेक्षा किंचित पिवळसर, आणि पौर्णिमेला सुद्धा सुमारे 4 लाख पट मंद. तो निळा वाटतो कारण इतक्या कमी उजेडात आपले डोळे लाल रंगाला मंदावतात आणि निळ्याकडे झुकतात. म्हणून निळा चालतो, पण थोडा. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कोणता उजेड पांढरा धरतो ते) 3200 वर ठेवून 5600 चा लाइट मारला की भिंत शाईसारखी होते आणि नाटकातली रात्र दिसते. मी कॅमेरा 4000 च्या आसपास ठेवतो. बल्ब उबदार राहतो, खिडकी थंड होते, जेल, म्हणजे लाइटपुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद, लागत नाही. जेल परवडत नाही म्हणून रडणाऱ्यांनी आधी हे करावं, फुल सीटीबी (पिवळा लाइट निळसर करणारा जेल) लावला तर तसाही दीड स्टॉपहून जास्त उजेड खातो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट.

सगळं लावून झालं तरी एक गोष्ट खटकत होती. आजोबांचे डोळे मेले होते. खोल खोबणी, मान खाली, लॅम्प बाजूला, त्यामुळे बाहुलीत काही चमकतच नव्हतं. मी प्रॉडक्शनच्या फाइलमधून एक कोरा ए4 कागद काढला आणि टेबलावर, लॅम्पच्या खाली, फ्रेमच्या काठाच्या जरासा बाहेर ठेवला. खालून हलकासा उजेड हनुवटीखाली आला आणि दोन्ही डोळ्यांत एकेक बारीक ठिपका उमटला. दादा म्हणाला, "कागद कशाला? काढ तो." मी काढला, त्याने मॉनिटर बघितला, काही न बोलता स्वतः उठला आणि कागद परत ठेवला. तो टेक फिल्ममध्ये आहे.

त्याचा टेक नाहीये. एडिटला मोठ्या स्क्रीनवर बघितला तर सावल्यांमध्ये जांभळे डाग आणि नॉइज, म्हणजे दाणे, नुसता वळवळत होता, चेहरा उचलायला गेलं की भिंतही उचलली जायची. पण स्क्रीनिंगला कोणीतरी येऊन त्या सीनच्या लाइटिंगचं कौतुक केलं तेव्हा दादा माझ्यासमोर म्हणाला, "सगळं ग्रेडिंगमध्ये केलंय." हे मला आजही पटलेलं नाही. ती मूळ ग्रेड न केलेली लॉग (मुद्दाम फिकट रेकॉर्ड होणारी) क्लिप माझ्याकडे आहे. तिच्यावर नेहमीच्या रंगांत आणणारं नुसतं साधं कन्व्हर्जन टाकलं तरी चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अडीच-तीन स्टॉप खाली, शेड चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉप वर आणि मागे पानांची सावली, सगळं तसंच्या तसं दिसतं. कलरिस्टने काम छानच केलं, त्याने एकूण एक्स्पोजर खाली आणलं आणि बल्बचा पिवळा थोडा आवरला. पण उजेड कुठून येतो हे ग्रेडिंगमध्ये बदलत नाही. मास्क आखून, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग निवडून, एक बाजू काळी कराल, कलाकाराने मान वळवली की नाकाची सावली खोटं बोलेल. आणि 8 बिटमध्ये शूट करत असाल तर लाल, हिरवा, निळा अशा एकेका चॅनलला 256 पायऱ्या मिळतात, भिंतीवरचा हळूहळू विरणारा उजेड ताणला की त्याचे पट्टे पडतात. 10 बिटमध्ये 1024 असतात, तिथे जरा खेळता येतं, पण जरा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की रात्रीच्या सीनला लाइट कमी नाही, जास्त लागतो. सेटवर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पाऊण-एक स्टॉप उजळ शूट करा, उजळ-काळ्याचं प्रमाण मात्र सेटवरच बसवा, आणि मग ग्रेडिंगमध्ये एकत्र खाली आणा. आयएसओ कॅमेऱ्याच्या नेटिव्हवर, म्हणजे ज्या आकड्यासाठी सेन्सर बनवलाय त्यावर ठेवा. ब्लॅकमॅजिक पॉकेट 4के सारख्या कॅमेऱ्याला 400 आणि 3200 असे दोन नेटिव्ह आहेत, 1250 पासून पुढे तो दुसऱ्या सर्किटवर जातो, त्यामुळे 1250 ला सावलीतला नॉइज 1000 पेक्षा कमी मिळतो. तुमच्या कॅमेऱ्याचे आकडे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

आणि बजेट नाही हे कारण मला सांगू नका. सत्यजित राय यांच्या 1956 च्या 'अपराजितो'साठी कॅमेरामन सुब्रत मित्रांनी स्टुडिओत बांधलेल्या बनारसच्या घराच्या चौकावर पांढरा कपडा ताणला आणि खालून लाइट त्यावर मारून दिवसाचा उजेड उभा केला. तो दिवसाचा सीन होता आणि स्टुडिओतले लाइट होते, कबूल, पण चित्र ठरवलं ते कपड्याने.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वर लिहिलेलं सगळं कॅमेरा एका जागी असताना किंवा थोडाच फिरताना चालतं. कलाकार तीन खोल्यांतून चालतोय आणि तुम्ही हॅन्डहेल्ड मागे आहात तर लपवलेले लाइट फ्रेममध्ये येणार, तिथे प्रत्येक खोलीत दिसणाराच दिवा ठेवून त्याच्यावर भागवावं लागतं. कलाकाराचा रंग सावळा असेल तर लाइटची ताकद वाढवू नका, आकार वाढवा, थर्माकोलवरून किंवा बटर पेपरमधून मोठा करून बाजूने आणा म्हणजे त्वचेवर छान चकाकी येते. स्वस्त एलईडी बल्ब डिमरवर फडफडतात, वीज 50 हर्ट्झची असेल तर शटर 1/50, 60 ची असेल तर 1/60, आणि तरी पट्टे आले तर बल्ब बदला, शटरशी खेळत बसू नका. बटर पेपर एलईडीपुढेच. हॅलोजनपुढे लावलात तर पेटेल. खिडकीबाहेरच्या स्टँडवर वजन टाका, पावसात तो लाइट बाहेर ठेवूच नका.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. कपडा घेऊन पैसे उरले आणि लाइट घ्यायचाच असेल तर पॅनल नको, बोवेन्स माउंटचा (सॉफ्टबॉक्स वगैरे अडकवायची प्रचलित खाच असलेला) एक सीओबी, म्हणजे एकाच ठिकाणाहून उजेड फेकणारा एलईडी घ्या, डेलाइटचा, कारण तेवढ्याच वॉटमध्ये पिवळा-पांढरा दोन्ही होणाऱ्या बायकलरपेक्षा तो साधारणपणे जास्त उजेड देतो. सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 95 च्या वर असावा. कडक लाइट कपड्याने, कागदाने सॉफ्ट करता येतो, पॅनलला कडक करता येत नाही. वॉर्मसाठी घरातले बल्ब आहेतच. आणि शूटच्या आदल्या रात्री त्याच खोलीत, त्याच लेन्सवर एक टेस्ट घ्या, मॉनिटरवर नाही, मोठ्या स्क्रीनवर बघा. दिग्दर्शक दुसरं कोणी असेल तर त्यांनाही ती टेस्ट बघायला बसवा.