वाचकांचे प्रश्न : पेरॉक्साइडची चौकशी आणि प्रोसेसवाल्याचे म्हणणे

प्रश्न : इचलकरंजीत आमचे लहानसे प्रोसेस हाउस आहे. यंत्रमागावरून आलेले ग्रे (कोरे, प्रक्रिया न केलेले) कापड ब्लीच करण्यासाठी आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो. परदेशी मालाविरुद्ध पुन्हा अँटी-डंपिंग चौकशी (तो माल त्याच्या घरच्या दरापेक्षा स्वस्तात इथे येतो का, याची) लागणार, असे सांगून आमच्या व्यापाऱ्याने आताच दर वाढवला आहे. चौकशी लागली म्हणजे ड्युटी लागलीच का? आणि आमच्यासारख्या लहान माणसाचे तिथे कोणी ऐकून घेते का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : चौकशी सुरू झाली म्हणून शुल्क लागू होत नाही, त्यामुळे नुसत्या कानगोष्टीवर वाढवलेल्या दराचा शुल्काशी काही संबंध नाही, हे व्यापाऱ्याला स्पष्ट सांगावे. चौकशी वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर, दिल्लीत करते. ते फक्त शिफारस करते, शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते. तात्पुरते शुल्कसुद्धा चौकशी सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लावता येत नाही. पूर्ण चौकशीला एक वर्षाची मुदत असून ती आणखी सहा महिने वाढवता येते. आपल्या मालाच्या बाबतीत हे एकदा घडलेले आहेच : जून २०१७ मध्ये बांगलादेश, पाकिस्तान, इंडोनेशिया, कोरिया, तैवान आणि थायलंड येथून येणाऱ्या पेरॉक्साइडवर पाच वर्षांसाठी असे शुल्क लावण्यात आले होते.

माल स्वस्त आहे एवढ्यावरून तो डंपिंगचा ठरत नाही. परदेशी कारखाना स्वतःच्या देशात जो माल ५० रुपयांना विकतो, तोच आपल्याकडे ४० रुपयांना पाठवत असेल, तर तो १० रुपयांचा फरक म्हणजे डंपिंग (आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत). त्याशिवाय देशी उत्पादकांचे नुकसान झाले आहे आणि ते याच आयातीमुळे झाले आहे, हेही सिद्ध व्हावे लागते. ते नुकसान ६ रुपयांचे शुल्क लावून भरून निघत असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे शिफारस ६ रुपयांचीच होते, १० रुपयांची नव्हे. फरक निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी असेल तर प्रकरण तिथेच थांबते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. १९९५ च्या अँटी-डंपिंग नियमांनुसार मालाचा औद्योगिक वापर करणाऱ्यांना चौकशीत माहिती देण्याची संधी द्यावीच लागते आणि त्यासाठी कारखाना मोठा असण्याची अट नाही. चौकशीची सूचना राजपत्रात आणि डीजीटीआरच्या संकेतस्थळावर येते. उत्तरासाठी साधारणतः ३० दिवस मिळतात. हे ३० दिवस वाया गेले की अधिकारी हाती असलेल्या कागदांवरून निष्कर्ष काढतात, आणि त्या कागदांत देशी उत्पादकाचे आकडे असतात, आपले नसतात. तोंडी सुनावणीत जे बोलाल तेही नंतर लेखी दिले तरच विचारात घेतले जाते. म्हणून ‘आम्ही मरू’ एवढेच लिहून पाठवू नये. एका लॉटला ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड किती किलो पडते, मीटरमागे त्याचा खर्च किती पैसे येतो, जॉबवर्कचा दर किती मिळतो, देशी माल मागितला तेव्हा किती दिवसांनी आला, हे खरेदीच्या बिलांसह मांडावे. खर्चाचे आकडे शेजारच्या प्रोसेसवाल्याला कळतील ही भीती मला अनेकांकडून ऐकायला मिळते. पण गोपनीय माहितीची वेगळी प्रत देता येते आणि इतरांना फक्त तिचा गोषवारा दिसतो. एकट्याने जमत नसेल तर संघटनेमार्फत सगळ्यांचे आकडे एकत्र द्यावेत.

लिहिताना देशी उत्पादकाची बाजूही मनात असू द्यावी. त्याचा कारखाना बंद पडला आणि माल फक्त बंदरावरूनच येऊ लागला, तर उद्याचा दर परदेशी विक्रेता ठरवील. शुल्क नकोच म्हणण्यापेक्षा किती असावे यावर बोललेले अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

प्रश्न : शिरोलीतील आमच्या फौंड्रीत कोअरसाठी (साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यासाठी) फिनॉलपासून बनणारे फिनॉलिक रेझिन लागते. फिनॉलवर ड्युटी लागली तर ती आम्हाला भरावी लागेल का? (एक वाचक, शिरोली)

उत्तर : थेट नाही. शुल्क ज्या मालावर लागते तो आयात करणारा ते भरतो, आणि रेझिन हा फिनॉलहून वेगळा माल आहे. मात्र रेझिनवाला ते आपल्या दरात धरील, म्हणून तो दरवाढ मागेल तेव्हा त्याच्याकडून किलोमागे फिनॉलचे प्रमाण लेखी घ्यावे, म्हणजे वाढ किती रास्त आहे हे आपल्यालाच मोजता येईल. आपली कास्टिंग्ज निर्यात होत असतील आणि त्यासाठी लागणारा माल ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर (निर्यातीसाठी लागणारा माल शुल्काविना आणण्याच्या परवान्यावर) आयात केला, तर त्या मालाला या शुल्कातून सूट मिळते. परवान्यात त्या मालाची नोंद आहे की नाही, हे मात्र माल बंदरात येण्यापूर्वी पाहून घ्यावे.