कोलेस्टेरॉल पेशीपटल घट्ट करतं की सैल?

तुम्ही विचारलंय की एका पुस्तकात ‘घट्ट करतं’ लिहिलंय, दुसऱ्यात ‘सैल ठेवतं’, मग खरं काय. दोन्ही खरं आहे. पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचा मेदरेणूंचा पातळ थर, आणि कोलेस्टेरॉल हा त्यात बसणारा स्टेरॉल जातीचा रेणू. मेदरेणूंच्या शेपट्या मोकळ्या वळवळत असतील तर स्टेरॉलची चार कड्यांची चपटी, ताठ फळी त्यांच्यात शिरून त्यांना सरळ उभं करते. पटल जाड होतं, आरपार गळती कमी होते. थंडीनं त्याच शेपट्या एकमेकींना चिकटून गोठायला लागल्या की तीच फळी मधे येऊन त्यांची रांग मोडते. डीपीपीसी हा मेद एकटा असला तर ४१ अंश सेल्सियसला एकदम वितळतो. कोलेस्टेरॉल वाढवत नेलं की तो बदल पसरट होत होत दिसेनासा होतो. शेपट्या शिस्तीत, पण रेणू सरकायला मोकळे, अशी मधली अवस्था उरते.

मी लिहायला बसलो ते मात्र आमच्या संत्र्याच्या ३७ झाडांसाठी.

आमचा बगीचा वरुड तालुक्यात, जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेल्या संत्र्याचा. मी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करून घरी आलो त्याच पावसाळ्यात डिंक्या रोग आला. बुंध्याची साल तडकली, डिंक वाहायला लागला, पानं पिवळी पडली. बाबांनी कृषी केंद्रातून हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक आणलं. मी म्हटलं, हे यावर चालत नाही. दुकानदार म्हणाला, “बुरशीले बुरशीचंच औषध लागते ना भाऊ.” बाबांना त्याचं पटलं. तो वीस वर्षं उधारीवर माल देणारा माणूस आणि मी दोन महिन्यांपूर्वी आलेला पोरगा. मोठे बाबा तर सगळ्यांसमोर बोलले, “तू पुस्तकं वाच, झाडं आमाले समजतात.”

तीन फवारे झाले. पुढच्या उन्हाळ्यात झाडं तोडली. बारा वर्षांची, आंबिया बहाराची झाडं. कुऱ्हाड मीच चालवली, कारण बाबांच्यानं ते होईना.

तेव्हा मला जे नीट सांगता आलं नाही ते इथं सांगतो. बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं. ते तयार होताना १४ व्या कार्बनवरचा मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) काढावा लागतो. हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही सगळी औषधं नेमकी तीच पायरी अडवतात. मिथिल तसाच राहिला की रंधा न मारलेल्या फळीसारखी गत होते: शेपट्यांना ती चपखल चिकटत नाही, पटल नीट बांधलं जात नाही, बुरशीची वाढ खुंटते. १९६४ चं नोबेल मिळालेल्या कॉनराड ब्लॉख यांचं म्हणणंच होतं की उत्क्रांतीनं एकेक मिथिल काढत हा रेणू पटलासाठी गुळगुळीत केला. एका मिथिल गटानं पटलाची घडी बिघडते, तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि डिंक्या आणणारी फायटोफ्थोरा? ती खरी बुरशीच नाही. तिची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची, नातं तपकिरी शेवाळांशी. स्टेरॉल ती स्वतः बनवतच नाही, झाडाकडून घेते. जी पायरी तिच्यात नाहीच ती औषध अडवणार कशी? तिच्यासाठी मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल ही वेगळी औषधं आहेत. साल खरवडून बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचं) लावायचं, ओलिताचं पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही.

हेक्साकोनॅझोल वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. सोयाबीनच्या तांबेऱ्यावर आम्हीही मारतो. आणि आमच्याकडे पाणी बुंध्याशी तुंबत होतं, तीही चूक होतीच. पटलाबद्दलही एक सांगायचं राहिलं: ‘घट्ट’ म्हणजे काय मोजलं, जाडी, गळती की वाकण्याचा ताठरपणा, ते आधी बघा. सगळ्या मेदांत हे तिन्ही सारखे बदलत नाहीत.

दुकानातून बाटली घेताना ती कोणती पायरी अडवते ते विचारा आणि उत्तर आलं नाही तर परत ठेवा. मोठे बाबा अजून म्हणतात की त्या वर्षी पाऊसच जास्त होता. पाऊस जास्त होता हे खरं. पण शेजारच्या धुऱ्यापलीकडे तेवढाच पाऊस पडला, त्यांनी बोर्डो लावला आणि त्यांची झाडं आजही उभी आहेत.