हाली म्हणजे हलका? मुळीच नाही!

प्रश्न असा आला आहे: "पेटी, खोका अशी पैशांची टोपणनावं इतर भाषांत असतात का? आमचे आजोबा 'हाली रुपया' आणि 'कलदार रुपया' म्हणायचे. हाली म्हणजे हलका ना?"

टोपणनावं असतात, ढिगाने असतात. फ्रेंच माणूस पैशाला गहू म्हणतो, नाहीतर चुका. हो, आपल्या आंबट चुक्याच्याच जातीची भाजी. रशियन माणूस कोबी म्हणतो, जर्मन कोळसा. इजिप्तमध्ये दहा लाख पौंड म्हणजे एक ससा. इंग्लंडात 500 पौंडांना माकड म्हणतात आणि त्यावर एक गोष्ट फिरते, की भारतातल्या जुन्या पाचशेच्या नोटेवर माकडाचं चित्र होतं, गोऱ्या सोल्जरांनी तो शब्द मायदेशी नेला. कुठलं माकड? इथे सरकारी नोटा आल्या 1861 च्या कायद्याने, त्यांवर व्हिक्टोरिया राणी. लंडनमधल्या पैजा लावणाऱ्यांच्या तोंडी माकड त्याआधीच बसलं होतं.

असो. आता हालीकडे, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या रुपयाकडे येऊ, कारण "हाली म्हणजे हलका" हे ऐकून माझे कान किटले आहेत. दर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या एखाद्या तरी भाषणात कुणीतरी ते ठोकून देतोच. गेल्या वर्षी एका निवृत्त गुरुजींनी तर छापील लेखात लिहिलं, की निजामाचा रुपया इंग्रजी रुपयापेक्षा कमी किमतीचा, म्हणून हलका, म्हणून हाली. गुरुजी, 'हलका' आपल्याकडे 'लघुक'वरून प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन आला. त्याचा 'हाली' व्हायला मधला 'क' कुठे सांडला?

हाली अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आला. हाल म्हणजे स्थिती, आणि हाल म्हणजे आत्ताचा काळही. हाली म्हणजे आत्ताचा, चालू. हाली सिक्का म्हणजे चालू नाणं, एवढंच. आता खरी गंमत. हाच शब्द आपण मराठीत दिवसातून दहा वेळा उच्चारतो: हल्ली! "हल्ली पाऊस पडत नाही" मधला हल्ली आणि आजोबांचा हाली रुपया सख्खे भाऊ आहेत. उर्दू कवी अल्ताफ हुसेन यांनी 'हाली' हे टोपणनाव घेतलं तेही याच अर्थानं, आजच्या काळाचा म्हणून. हलका म्हणून नव्हे! आणि "माझे हाल झाले" मधले हालही त्याच घरातले, फक्त नशिबाने वाईट निघालेले.

कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. यातला 'कल' म्हणजे यंत्र. आपण कळ दाबतो ती कळ याच कुळातली. हातोड्यानं ठोकलेला नव्हे, यंत्रावर पाडलेला, काठाला एकसारखे कंगोरे असलेला तो कलदार. एक कोशप्रेमी मित्र 'कलाकुसर असलेला तो कलदार' यावर अडून बसले आहेत. त्यांनी एकदा दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहावीत. खरं तर चारमिनारची छाप असलेला निजामाचा रुपयाही पुढे यंत्रावरच पडत होता, म्हणजे शब्दार्थानं तोही कलदारच. पण तोवर नावं चिकटून गेली होती.

भाव होता सहा कलदारला सात हाली. म्हणजे शंभर कलदारचे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. बार्शी इंग्रजी मुलखात, धाराशिव निजामाच्या. बार्शीच्या बाजारात माल घालणाऱ्या इकडच्या शेतकऱ्याला ही त्रैराशिकं तोंडपाठ असावी लागत. माझी आजी लुगड्याचा भाव ऐकला की आधी विचारायची, "हालीत सांगतूस का कलदारात?" आणि हे विचारणं 1959 नंतरही सुटलं नव्हतं, जेव्हा हाली चलनातून कायमची बाद झाली.

माझा आपला एक तर्क. कलदार हा शब्द 'खणखणीत कलदार' म्हणून अजून जिभेवर आहे, हाली मात्र मेला. का? कलदारचं नाव घडणीवरून पडलं होतं, ते नाणं गेल्यावरही शोभतं. हालीचं नाव 'आत्ता'वरून पडलं होतं. आत्ताचं नाणं जुनं झाल्यावर त्याला 'आत्ताचं' कसं म्हणणार? आजोबांचा 'चालू' रुपया आज नाणी जमवणाऱ्यांच्या डबीत पडून आहे.

अरे हो, पेटी-खोक्याचं राहिलंच. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. 2022 नंतर हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागतं असं वाटत नाही.