नवी हार्ड डिस्क जोडली, पण 'धिस पीसी'मध्ये दिसतच नाही. दुकानात परत करू का?

थांबा, लगेच परत करू नका. तुमचं म्हणणं असं, की जुनी 500 जीबीची डिस्क भरली म्हणून 2 टीबीची आणली, दोन्ही केबल लावल्या, कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू झाला आणि तरीही समोर तेच जुने सी आणि डी. अशा वेळी बहुतेकदा डिस्क ठणठणीत असते, फक्त कोरी असते. तिच्यावर पार्टिशनच, म्हणजे फाइल ठेवायचा कप्पाच नाही, तर विंडोज अक्षर कशाला देणार?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. उघडल्या उघडल्या बहुधा 'इनिशियलाइज डिस्क' म्हणून एक चौकट येईल आणि एमबीआर हवं की जीपीटी असं विचारेल. डिस्कवरच्या कप्प्यांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती. जीपीटी घ्या. एमबीआर 1983 सालची पद्धत आहे, 2 टीबीच्या पुढचं तिला मोजताच येत नाही. उद्या 4 टीबीची डिस्क आणलीत तर निम्मी वाया. मग खाली काळी पट्टी दिसेल, 'अनॅलोकेटेड' लिहिलेली. तिच्यावर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', फाइल सिस्टिम एनटीएफएस, आवडेल ते अक्षर. 'क्विक फॉरमॅट'ची खूण राहू द्या. काढलीत तर तीन-चार तास बसून राहाल. आकार 1863 जीबी दिसला तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, त्यात तेवढे 'गळतात'.

एक मात्र सांभाळा. 'डिस्क 0' म्हणजे जुनी आणि 'डिस्क 1' म्हणजे नवी असं धरून चालू नका. आकडा कुठली केबल कुठल्या पोर्टला आहे त्यावरही बदलतो. आकार बघा, मगच क्लिक करा.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही तिचा पत्ता नसेल, तर पुन्हा कॅबिनेट उघडावं लागेल. माझी पद्धत अगदी गावठी आहे. झाकण काढून कॉम्प्युटर सुरू करायचा आणि डिस्कच्या कडेच्या पत्र्यावर एक बोट टेकवायचं. आत चकती फिरत असेल तर बोटाला बारीक थरथर लागते, मांजर गुरगुरतं तशी. थरथर आहे पण बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) नाव नाही, म्हणजे घोळ बहुधा डेटा केबलचा किंवा पोर्टचा. थरथरच नाही, म्हणजे बहुधा पॉवर पोचत नाही. (बोट फक्त डिस्कला. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या वाटेला जाऊ नका.)

केबलला हात लावण्याआधी मात्र कॉम्प्युटर बंद, भिंतीतला प्लग बाहेर, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवा. साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या दोन्ही खाचा इंग्रजी एलच्या आकाराच्या असतात, डेटाची 7 पिनांची, पॉवरची 15 पिनांची. उलटी बसत नाही, पण जोर केलात तर आतली प्लॅस्टिकची जीभ तुटते. मी एकदा तोडलीय. डेटा केबल 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवा. अर्धी बसलेली केबल दिसायला अगदी बरोबर वाटते.

मदरबोर्डवर एम-डॉट-टू एसएसडी (थेट बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी छोटी डिस्क) असेल, तर बऱ्याच बोर्डांवर ती लावल्यावर एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. मॅन्युअलमध्ये कोपऱ्यात लिहिलेलं असतं. पोर्ट बदलून बघा, कित्येकदा तेवढ्यानं काम होतं.

एसएमपीएसला साटाची मोकळी पिन नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर (जुन्या पद्धतीच्या पॉवर पिनला साटा जोडणारा) आणला असेल, तर नीट बघा. ज्याचं डोकं एकसंध ओतीव प्लॅस्टिकचं असतं, त्यात तारा आत एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार झालेत. वायरी वेगवेगळ्या खाचांत दाबून बसवलेल्या दिसतात तसला घ्या. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल अजिबात लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असते, डिस्क क्षणात जाते.

आता माझी फजिती. मामांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली डिस्क मी माझ्या डेस्कटॉपला लावली होती, मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो काढून द्यायला. तीच 'इनिशियलाइज' विचारणारी चौकट आली आणि मी हात सवयीचा म्हणून ओके दाबलं. पार्टिशनची नोंद आधीच खराब झाली होती, उरलीसुरली मी पुसली. टेस्टडिस्क नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं ती शोधून काढली म्हणून वाचलो, पण ती रात्र काही मी झोपलो नाही. मामांना अजून सांगितलेलं नाही. म्हणजे कोरी डिस्क असेल तर खुशाल ओके करा, पण जुना डेटा असलेल्या डिस्कवर ही चौकट आली तर 'कॅन्सल'.

आणि हो, दुसरी डिस्क लावल्यानं सी ड्राइव्ह आपोआप मोठा होत नाही. 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स' या फोल्डरांवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'लोकेशन'मधून ती नव्या ड्राइव्हवर हलवावी लागतात. फोटोंची एक प्रत मात्र घराबाहेर कुठेतरी ठेवा. एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क एका वीजझटक्यात जाऊ शकतात.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर थरथर लागते का आणि बायॉसमध्ये डिस्कचं नाव येतं का, एवढं कळवा.