सामाजिक संस्थेत प्रोग्राम डायरेक्टर व्हायचंय? तुमच्या प्रश्नांना उत्तरं

सात वर्षं प्रकल्प समन्वयक आहे, पण शिक्षण बी.ए.पर्यंतच आहे. पुढचं पद हवं तर नोकरी सोडून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू का?

नोकरी सोडू नका, ताई. एमएसडब्ल्यूचा खरा उपयोग पहिली नोकरी मिळवताना होतो. आता मुलाखतीत विचारतील ते वेगळंच: किती जणांची टीम सांभाळलीत, किती रकमेचं बजेट हाताळलंत, प्रकल्प मध्येच बंद पडला तेव्हा गावात जाऊन काय सांगितलंत. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी उभं केलेलं आरोग्याचं काम गावोगावच्या बायकांनी पेललं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं.

बजेट अकाउंटंट बघतात. मला ते शिकायलाच हवं का?

हवंच. फील्डवर जीव ओतणारी कितीतरी माणसं याच एका गोष्टीपायी मागे राहिलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

परदेशी निधी असेल, तर एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. शिवाय तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘छोट्या संस्थांना सोबत घेऊ’ असं प्रपोजलमध्ये लिहिण्याआधी पैसा कुठून येतोय ते बघा. सीएसआरची, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशाची, अडचण निराळी. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर नसेल, तर वर्षअखेरीस उरलेली रक्कम कंपनीला कायद्याने ठरवलेल्या निधीत भरावी लागते, तुमच्याकडे राहत नाही. पाऊस लांबला, शाळा उशिरा सुरू झाल्या, की मार्चमध्ये धावपळ ठरलेली. म्हणून करार होतानाच मुदतीचं बोलून घ्या. आणि दर महिन्याला एक तास अकाउंटंटशेजारी व्हाउचरं घेऊन बसा.

बारा वर्षं कंपनीत आहे. थेट संचालक म्हणून येता येईल?

येता येईल, पण पगार कमी होईल. आधी घरी मोकळेपणानं बोला, मगच राजीनामा द्या.

संचालक झालो आणि फील्ड सुटलं. सगळा दिवस अहवालात जातो. काय करू?

माझंही तसंच झालं होतं. आमच्या एका वस्तीचा बालवजनांचा अहवाल तीन महिने व्यवस्थित येत होता. एकदा मूळ रजिस्टर उघडलं, तर प्रत्येक वजन पूर्ण किलोत: ९, १०, ९, ११. एकाही आकड्यात ग्रॅम नाहीत. तिथे गेले तर काट्याचा हूक तुटलेला. सेविका मुलाला कडेवर घेऊन अंदाजानं वजन लिहीत होती. नवा काटा तिने दोनदा मागितला होता. तो कागद आमच्याच ऑफिसात पडून होता. तिला मी काय बोलणार?

तेव्हापासून महिन्यातले चार दिवस मी मीटिंगांच्या आधी कॅलेंडरवर टाकते. तुम्हीही टाका. शक्य असेल तिथे ऑफिसची गाडी न नेता मुक्कामी एसटीनं जा आणि रात्री कार्यकर्त्याच्या घरीच राहा.