शब्दकोड्यात अर्थ कळूनही शब्द का अडतो?

आपण विचारले आहे की, मराठी शब्दकोड्यातील संकेताचा अर्थ लगेच लक्षात येतो, मात्र घरांत बसणारा नेमका शब्द सापडत नाही; अशा वेळी उत्तर कसे काढावे? मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या धिम्या लोकलमध्ये मी बरीच वर्षे शब्दकोडी सोडवत आलो आहे. माझा अनुभव असा की, अशा वेळी अर्थाचा पिच्छा सोडून शब्दाच्या शेवटच्या अक्षराकडे वळावे.

तत्पूर्वी घरांची मोजणी तपासावी. इंग्रजी कोड्यात स्वरालाही स्वतंत्र घर मिळते. मराठीत काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर हे सारे एकाच घरात नांदतात. ‘मुंबईचे उपनगर, २ घरे’ असे असेल तर कुर्ला चालतो, कारण रफार पुढच्या अक्षरावर बसतो. विक्रोळी ३ घरांत मावते, घाटकोपरला ५ लागतात.

शेवटचे अक्षर पुष्कळदा संकेताचे व्याकरणच सांगून टाकते. ‘रागावणे’ असे विचारले असेल तर शेवटच्या घरात ‘णे’ पेन्सिलीने भरून मोकळे व्हावे. ‘चिडणे’ की ‘तापणे’ हे उभे शब्द ठरवतील. संस्कृत शब्दांत ही युक्ती अधिकच फळते, कारण कोडी रचणाऱ्यांचा कमळ, ढग आणि समुद्र यांच्यावर फार जीव असतो आणि या तिघांचेही कितीतरी प्रतिशब्द पाण्याच्याच नावांपासून झालेले आहेत. पाण्यात जन्मणारे ते ‘ज’, पाणी देणारा तो ‘द’, पाणी धारण करणारा तो ‘धी’: म्हणून जलज, जलद, जलधी, अंबुज, अंबुद, अंबुधी, आणि नीरज, नीरद, नीरधी. ‘कमळ, ३ घरे’ दिसताच मी शेवटी ‘ज’ लिहितो. पंकज आणि सरोजही त्यातच येतात. ‘राजीव’ तेवढा दगा देतो.

मधल्या आणि पहिल्या घरांत खरी कसोटी ऱ्हस्व-दीर्घाची असते. ‘कवी’मधला ‘वी’ दीर्घ, पण ‘कविराज’मधला ‘वि’ ऱ्हस्व. त्यामुळे छेदणाऱ्या शब्दाला वेलांटीसकट जुळावे लागते. अर्थात कोडे रचणाराही चुकू शकतो. एकदा एका दैनिकात उभा शब्द ‘सूर्य, ४ घरे’ आणि त्याच पहिल्या घरातून निघणारा आडवा ‘दिवा, ३ घरे’ असा होता. ‘दिनकर’ अचूक बसत होता, पण ‘दीपक’ त्याच्याशी जुळेना, म्हणून मी घाटकोपरपासून दादरपर्यंत बरोबर आलेल्या दिनकरावरच संशय घेत राहिलो. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आले: ‘दिपक’. तेव्हापासून दोन शब्द केवळ वेलांटीवर अडले, तर मी ते घर तसेच ठेवून पुढच्या शब्दाकडे जातो.